गाढव, गूळ आणि आपण

मित्रमैत्रिणींनो,

आज खरं तर मी तुम्हाला पतंगांविषयी सांगणार होतो. कागद पुढे ओढला, पेनात शाई भरली, दोन ओळी लिहूनही झाल्या. तेवढ्यात पोस्टमन आला आणि त्यानं दिलेल्या गठ्ठ्यातल्या एका पत्रानं माझा सगळा बेतच फिरवला. पतंग राहिले बाजूला!

पत्र आहे सातवीतल्या एका मैत्रिणीचं. तिचं नाव, गाव, शाळा यातलं काही मी सांगणार नाही. का, ते पत्र वाचल्यावर तुम्हाला कळेलच. ती लिहिते,

'काका, मी आणि माझी मैत्रीण पहिलीपासून एका बाकावर बसतो. गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही दोघी तिच्या ताईबरोबर सिनेमाला गेलो. शेवटी शेवटी मला खूप रडू आलं. तिला मात्र हसू येत होतं. ती म्हणाली, "अगं, किती टुकार आहे हा! आणि तू रडतेस काय?" तेवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. पण सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं सगळ्या वर्गाला माझ्या रडण्याची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. मला इतका राग आला की मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "गाढवाला गुळाची चव काय!" तेव्हापासून आम्ही बोलत नाही. आज अकरावा दिवस. मी आता खिडकीजवळच्या बाकावर बसते. काका, तुम्ही तो सिनेमा पाहिला असेल. तुम्हीच सांगा, तो चांगला आहे की टुकार? तुम्ही सांगाल ते आम्ही दोघी मान्य करू.'

बापरे! म्हणजे मला एकदम न्यायाधीशाच्या खुर्चीवरच बसवलं की! हो, मी तो सिनेमा पाहिलाय. पण त्याचं नाव मी इथे छापणार नाही. नाव सांगितलं रे सांगितलं की तुमच्यातले निम्मे या बाजूला, निम्मे त्या बाजूला होतील, आणि मग माझं ऐकायला उरणार कोण?

आणि निकालही देणार नाही. थांब, थांब, पत्रलेखिकाबाई, रागावू नकोस. काका टाळाटाळ करतायत असं समजू नकोस. आधी एक गोष्ट ऐक.

१९३१ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. ते एक पूड बाटलीत भरत असताना तिचा थोडासा धुरळा हवेत उडाला. जवळच काम करणारे त्यांचे सहकारी तोंड वाकडं करून म्हणाले, 'काय हो हे! किती कडू!' फॉक्स चकित झाले. पुडीच्या जास्त जवळ तर तेच होते, आणि त्यांना तर काहीच जाणवलं नव्हतं. मग दोघांनीही ती पूड जिभेवर ठेवून पाहिली. एकाला कडूजहर लागली, दुसऱ्याला चवच लागेना. 'कडू आहे!' 'नाही हो, काहीच नाही!' चांगलीच जुंपली. शेवटी फॉक्स यांनी आणखी बऱ्याच जणांना ती चाखायला दिली. तर काय! काहींना कडू लागली, काहींना मुळीच नाही.

या पुडीचं नाव भलतंच लांबलचक आहे, म्हणून सगळे तिला नुसतं पीटीसी म्हणतात. ती कडू लागणार की नाही, हे बरंचसं आपल्याला आईवडिलांकडून मिळालेल्या एका जनुकावर अवलंबून असतं, हे पुढे २००३ मध्ये शोधून काढलं गेलं. (आणि हो, प्रयोगशाळेतली पूड अशी चाखायची नसते हं! फॉक्ससाहेबांनी केलं म्हणून तुम्ही करू नका.) पूड राहू द्या, आपली रोजची कोथिंबीर घ्या. आपल्याला वाटतं, पोह्यांवर कोथिंबीर नसेल तर पोहे कसले! पण काही माणसांना तिचा वास चक्क साबणासारखा येतो. त्यांना ती बाजूला काढताना पाहून आपण म्हणतो, 'काय नखरे आहेत एकेकाचे!'

आता सांगा, फॉक्स आणि त्यांचे सहकारी यांच्यात खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही. पूड एकच होती, जिभा दोन होत्या.

तुमच्यातले हुशार लोक आता म्हणतील, 'काका, सिनेमा म्हणजे काही पूड नव्हे. आणि डोळे तर सगळ्यांना सारखेच!' बरोबर आहे. पण सिनेमा आपण नुसत्या डोळ्यांनी थोडाच बघतो? ज्या मुलीचं कुत्र्याचं पिल्लू गेल्याच महिन्यात गेलंय, तिला पडद्यावरचं कुत्रं लंगडताना पाहून जे वाटेल, ते तिच्या शेजारच्या मुलीला वाटणार नाही. तिच्या घरी कधी कुत्रंच नव्हतं! परीक्षा संपल्याच्या संध्याकाळी पाहिलेला सिनेमा आणि दात दुखत असताना पाहिलेला सिनेमा, जरी एकच असला तरी एक नसतो. आपापल्या घरातलं, आपापल्या मनातलं खूप काही घेऊन आपण त्या खुर्चीत बसलेलो असतो. म्हणूनच आपली जुनी म्हण सांगते, व्यक्ती तितक्या प्रकृती.

मग काय, ज्याला जे वाटेल ते खरं? चांगलं-वाईट असं काही नसतंच? छे, छे! तसं असतं तर मग कशावरच बोलायला नको. जरा एक वही घ्या आणि तीत मी सांगतो ती चार वाक्यं लिहा.

पहिलं : 'या सिनेमात पाच गाणी आहेत.'
दुसरं : 'हा सिनेमा मला आवडला.'
तिसरं : 'हा सिनेमा चांगला आहे.'
चौथं : 'ज्याला हा सिनेमा आवडला नाही, तो गाढव आहे.'

पहिल्या वाक्यावर भांडायचं कारणच नाही. गाणी मोजा, झालं! दुसरं वाक्य ही तुमच्या मनातली बातमी आहे. ती फक्त तुम्हीच देऊ शकता. कुणी तुम्हाला 'नाही, तुला नाही आवडला' असं म्हणूच शकत नाही. त्याला काय माहीत? तिसरं वाक्य मात्र जरा जोखमीचं. ते म्हटलं की कारणं द्यायला हवीत. गोष्ट पटते का? माणसं खरीखुरी वाटतात का? विनोद कुणाला तरी हिणवून केलाय की खरोखरच गंमत आहे? शेवट ओढूनताणून आणलाय का? इथे खुशाल वाद घाला. अशा वादात मजा असते, कारण समोरच्याला जे दिसलं ते आपल्याला दिसलेलं नसतं. वाद संपेपर्यंत सिनेमा जणू दुसऱ्यांदा पाहून होतो!

आणि चौथं वाक्य? ते नीट पाहा. ते सिनेमाविषयी नाहीच. ते माणसाविषयी आहे. त्याला कारण लागत नाही, विचार लागत नाही. लागतो तो फक्त राग.

दुसरं आणि तिसरं वाक्य नेहमी हातात हात घालून चालतात असंही नाही. मला स्वतःला मारामारीचे काही सिनेमे भयंकर आवडतात. नायक एका हातानं जीप उलथवतो तेव्हा मी टाळ्या वाजवतो. चांगले आहेत का ते? अजिबात नाहीत! आणि काही सिनेमे उत्तम आहेत हे मला पटतं, पण ते बघताना मला जांभया येतात. 'आवडतं, पण चांगलं नाही' आणि 'चांगलं आहे, पण आवडत नाही' ही दोन्ही वाक्यं बेधडक म्हणता आली पाहिजेत. त्यात लाजायचं काही नाही.

'पण मोठमोठे जाणकार असतात ना? त्यांनाच विचारावं!' असंही कुणी म्हणेल. जरूर विचारावं. त्यांनी पुष्कळ पाहिलेलं असतं. मात्र जाणकारांचंही मत हे मतच असतं, दगडावरची रेघ नव्हे. 'शोले' तुम्हाला ठाऊक आहे. निदान तुमच्या आईबाबांना तरी नक्की ठाऊक असेल. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला. पहिल्या दिवसांत त्याचा म्हणावा तसा धंदा होईना, कित्येक समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि काळजीत पडलेल्या निर्माता-दिग्दर्शकांच्या मनात शेवट बदलून पुन्हा चित्रीकरण करावं की काय, असंही येऊन गेलं. पुढे काय झालं? मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला! त्याच्या नुसत्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि लोकांनी त्या पाठ केल्या. आणखी गंमत म्हणजे फिल्मफेअर पारितोषिकांमध्ये त्याला एकच पारितोषिक मिळालं, संकलनाचं. ते मिळवणारे होते एम. एस. शिंदे. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक गेलं 'दीवार'ला. आणि दोन्ही चित्रपट लिहिणारे एकच, सलीम-जावेद!

मग ते समीक्षक काय मूर्ख होते? मुळीच नाही. त्या दिवशी त्यांना जे वाटलं ते त्यांनी लिहिलं. आणि आजही कुणाला 'शोले' आवडला नाही, तर तोही काही गुन्हा नव्हे.

आणखी लांबची गोष्ट सांगू? पॅरिस शहर, २९ मे १९१३. इगोर स्ट्राविन्स्की नावाच्या रशियन संगीतकाराच्या 'द राइट ऑफ स्प्रिंग' या नृत्यनाट्याचा पहिलाच प्रयोग. संगीत सुरू झालं आणि थोड्याच वेळात प्रेक्षकांत कुजबुज, मग हसणं, मग शिट्ट्या, मग आरडाओरडा! असले तुटक ठेके, असले टोचणारे सूर आणि असला नाच त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. काहींना तो फार आवडला, म्हणून ते न आवडणाऱ्यांवर ओरडू लागले. गोंगाट एवढा वाढला की रंगमंचावरच्या नर्तकांना वाद्यं ऐकू येईनात. नृत्य बसवणारे निजिन्स्की पडद्याआड खुर्चीवर उभे राहून मोठमोठ्यानं ठेके मोजून सांगू लागले.

आता वर्षही पुरतं सरलं नाही, एप्रिल १९१४ उजाडला. शहर तेच, पॅरिस. वादकांना सूचना देणारे संचालक तेच, पिएर माँतो. या वेळी नाच नव्हता, फक्त संगीत होतं. प्रयोग संपला आणि लोकांनी स्ट्राविन्स्कींना खांद्यावर उचलून घेतलं! पुढे १९४० मध्ये डिस्नेनं 'फँटासिया' या चित्रपटात याच संगीतावर डायनासोर नाचवले... म्हणजे चालवले आणि लढवले हो! ज्या संगीतानं पॅरिसमध्ये गोंधळ माजला, ते मुलांच्या आवडीचं झालं.

नवीन गोष्टीची कानांना सवय व्हावी लागते. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना चिनी अक्षरांसारख्या अनोळखी खुणा दाखवल्या. काही एकदोनदाच, काही पुन्हा पुन्हा. मग विचारलं, 'हिचा अर्थ चांगला असेल की वाईट?' जी खूण जास्त वेळा दिसली होती, तिचा अर्थ चांगला असणार, असं लोकांना वाटलं. बघा म्हणजे! अर्थ कुणालाच ठाऊक नाही, नुसती ओळख वाढली तर आपुलकी वाढली.

आईबाबांनो, हे तुमच्यासाठीसुद्धा आहे बरं का. 'आमच्या वेळची गाणी म्हणजे गाणी! हा कसला धांगडधिंगा!' असं म्हणताना जरा आठवा, ती गाणी आपण किती वेळा ऐकली होती! आणि तेव्हा आपले आजोबा काय म्हणत होते!

आता जरा अडचणीचा प्रश्न. आपलं मत खरोखर आपलं असतं का?

तुम्ही म्हणाल, 'हे काय विचारणं झालं? माझं मत माझंच असणार!' पाहू या. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी एक मोठा प्रयोग केला. तो २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांनी फारशा कुणाला माहीत नसलेल्या वाद्यवृंदांची ४८ गाणी घेतली आणि १४ हजारांहून जास्त लोकांना संगणकावर ऐकायला दिली. आवडलं तर गाणं फुकट उतरवून घ्या! काही लोकांना नुसती गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांचे आठ गट केले होते. समजा, आठ वेगवेगळी गावं. प्रत्येक गावात फक्त आपल्या गावातल्या किती लोकांनी कोणतं गाणं घेतलं, एवढा आकडा दिसायचा.

सगळी गावं शून्यापासून सुरू झाली. गाणी तीच. मग प्रत्येक गावात तीच गाणी वर यायला हवीत, नाही का? पण तसं झालं नाही! एक गाणं एका गावात सगळ्यांत वर, पहिल्या क्रमांकावर पोचलं. तेच गाणं दुसऱ्या गावात ४८ पैकी चाळिसावं! सुरुवातीला चार जणांनी घेतलं, ते पाहून आठांनी ऐकलं, ते पाहून सोळांनी. एवढं मात्र खरं की, सगळ्यांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सगळ्यांत वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

म्हणजे 'सगळ्यांना आवडतंय' एवढंच दिसलं तरी आपली आवड थोडी तिकडे झुकते. वर्गातला दादा मुलगा 'बोअर!' म्हणाला की ज्यांना मजा आली होती तेही गप्प बसतात. पत्रलेखिके, त्या सोमवारी वर्गात जे हसले, त्यांतल्या किती जणांनी तो सिनेमा पाहिला होता गं? जरा मोजून बघ.

कालिदासाला हे फार पूर्वीच ठाऊक होतं! त्याच्या 'मालविकाग्निमित्र' या नाटकात सुरुवातीलाच सूत्रधाराला त्याचा साथीदार विचारतो, भासासारखे नामवंत नाटककार असताना या आजकालच्या कालिदासाचं नाटक कशाला? सूत्रधाराच्या उत्तराचा मथितार्थ असा, की जुनेपणा ही काही चांगलेपणाची खूण नव्हे आणि नवेपणा हा काही दोष नव्हे. शहाणा स्वतः पारखतो. दुसऱ्यांच्या मतामागे धावतो तो वेडा. आज ज्याला आपण 'महाकवी' म्हणतो, त्यालाही एकेकाळी 'हा नवा कोण?' असं म्हणत होते, ही कल्पनाच किती गमतीची आहे, नाही?

इथवर आलोच आहे, तर आता माझीच एक गोष्ट सांगतो. ती काही गमतीची नाही.

मी तुमच्याएवढा होतो तेव्हा आमच्या घरी एकच रेडिओ होता. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागायची. कोणतं गाणं कितव्या पायरीवर, याची मी वहीत नोंद ठेवायचो. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नाट्यसंगीताचं वेड. त्यातही बालगंधर्वांची पदं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मला ती मुळीच आवडायची नाहीत. एकेक शब्द किती वेळ घोळवायचा, असं वाटायचं.

एका संध्याकाळी रेडिओवर तसंच एक पद लागलं होतं. अण्णा आत काहीतरी करत होते. माझे दोनतीन मित्र आले होते. त्यांना हसवायला मी कानावर हात ठेवला, डोळे मिटले, मान हलवली आणि तानेची अशी काही नक्कल केली की मित्र जमिनीवर लोळले. मीही लोळलो. उठलो तर दारात अण्णा उभे. ते रागावले नाहीत. काही बोललेही नाहीत. पुढे आले, रेडिओ बंद केला आणि चपला घालून बाहेर गेले.

त्यानंतर आम्ही जागे असताना अण्णांनी कधी नाट्यसंगीत लावलं नाही. आम्ही झोपलो की रेडिओ अगदी बारीक करून, त्याला कान लावून ते ऐकायचे. मी एकदा पाणी प्यायला उठलो तेव्हा पाहिलं. मला तेव्हा काय वाटलं असेल सांगा? मला वाटलं, आपण जिंकलो!

अण्णा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी आत्याकडून एक हकिकत कळली. अण्णा लहान असताना तालुक्याच्या गावी बालगंधर्वांचं नाटक आलं होतं. माझे आजोबा अण्णांना बैलगाडीतून घेऊन गेले. तेव्हा नाटकं रात्रभर चालायची. 'वन्स मोअर' घेऊन घेऊन पहाट व्हायची. अण्णा म्हणे निम्मं नाटक आजोबांच्या मांडीवर झोपले होते. त्याच वर्षी आजोबा वारले. बापलेकांनी एकत्र पाहिलेलं ते एकच नाटक.

मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ती पदं मला आजही तितकीशी आवडत नाहीत. त्याबद्दल मला वाईटही वाटत नाही, कान माझे आहेत. पण 'अण्णा, तुम्हाला यात एवढं काय आवडतं हो?' हा साधा प्रश्न विचारायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. तो मी कधी विचारला नाही, आणि आता उत्तर द्यायला अण्णा नाहीत.

तर पत्रलेखिके, तुझा प्रश्न होता, सिनेमा चांगला की टुकार? समज, मी 'चांगला' म्हटलं. मग तू जिंकशील आणि तुझी मैत्रीण हरेल. 'टुकार' म्हटलं तर ती जिंकेल, आणि तुझं रडणं खोटं ठरेल का? नाही ठरणार. ते खरंच होतं. म्हणजे माझ्या निकालानं काहीच होणार नाही. कारण तुमचं भांडण सिनेमाचं नाहीच. तिनं नक्कल केली आणि तू गाढव म्हणालीस. दोघींनी वहीतलं चौथं वाक्य वापरलं. तिनं न बोलता, तू म्हण वापरून.

तुझ्या म्हणीतही एक गोम आहे बरं का. गूळ ज्याच्या त्याच्या आवडीचा असतो, आणि दुसऱ्याला गाढव म्हणणारा प्रत्येक जण समजतो की गूळ आपल्याच हातात आहे. उद्या ती तिच्या आवडीचा सिनेमा दाखवेल आणि तुला जांभई येईल. मग गाढव कोण?

नक्कल केली हे तिचं चुकलंच. ते तिला सांग. वर्गासमोर नको, एकटीला सांग. 'सिनेमा तुला आवडला नाही, त्याचं काही नाही. पण तू माझ्या रडण्याला हसलीस ते मला लागलं,' एवढं पुरे. आणि 'गाढव' हा शब्द परत घे. मग तिला विचार, तुला नेमकं कुठे हसू आलं गं? आणि तिनं विचारलं तर तुला कुठे रडू आलं, तेही सांग. बाकी तू ठरव.

तुम्हा सगळ्यांसाठी एक खेळ देतो. येत्या रविवारी जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी, हो, आजीनंसुद्धा, आपल्या आवडीचं एकेक गाणं सगळ्यांना ऐकवायचं. ऐकताना कुणी बोलायचं नाही. मग ज्याचं गाणं असेल त्यानं सांगायचं, हे मला का आवडतं, आणि पहिल्यांदा कुठे ऐकलं. बाकीच्यांनी फक्त एकेक प्रश्न विचारायचा. नियम एकच : 'बोअर', 'टुकार', 'भारी', 'झकास' आणि 'बकवास' हे पाच शब्द बंद! जो वापरेल त्यानं सगळ्यांची ताटं घासायची. बघा, आवडीनिवडी बदलणार नाहीत कदाचित, पण आजीबद्दल तुम्हाला माहीत नसलेली एखादी गोष्ट नक्की कळेल. कळली की मला लिहून पाठवा.

आणि पत्रलेखिके, तू कोणत्या बाकावर बसतेस, तेही कळव.

पतंग पुढच्या आठवड्यात. वारा पडला नाही म्हणजे मिळवली!

तुमचा,
काका